घडीची भिंत

दार बंद होतं. ते बंद असावं म्हणून मॅरेनने अख्खं वर्ष जिवाचा आटापिटा केला होता, सह्या गोळा केल्या होत्या, सभांमधून बोलताना तिचा आवाज चिरकला होता. आणि तरी आज शाळेच्या मागच्या दाराची मूठ ओढल्यावर ते तसूभरही हललं नाही तेव्हा भर रस्त्यात कुणी आपल्याला नाव घेऊन हाकलावं तसं तिला झालं. मुलाला, एमेटला, पुढच्या दाराने आत सोडून ती मत द्यायला सवयीने इमारतीला वळसा घालून इकडे आली होती. कडेवर धाकटी नेल. नेलच्या एका पायात बूट, दुसरा बूट मॅरेनच्या कोटाच्या खिशात. काचेवर आतून एक कागद चिकटवला होता. मतदान इथे नाही. खाली बाण, आणि बाणाखाली पत्ता: लिंडन रस्ता, विटांचं चर्च, तळघर, बाजूच्या दाराने यावे. तिने पत्ता वाचला, मग बाण पाहिला, मग पुन्हा पत्ता वाचला. नेलने काचेला तोंड लावून वाफेचा गोळा काढला आणि त्यात बोट फिरवलं. "कुणी घरी नाही," नेल म्हणाली.

विटांचं चर्च. मिलवॉकीच्या या भागात चर्चना काय तोटा होता? शाळेपासून हाकेच्या अंतरावर लुथरन लोकांची दोन होती, पोलिश लोकांचं दोन मनोऱ्यांचं थोरलं होतं, जुन्या फर्निचरच्या दुकानात रविवारी गिटार घेऊन भरणारं स्पॅनिश होतं. जवळच्या एखाद्या चर्चमध्ये हलवा, असं ती स्वतःच बोलली होती, माइकसमोर उभं राहून, शाळा समितीच्या सभेत. तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर लुथरनांचा तो नवा हॉल होता, मोठाल्या खिडक्यांचा, ज्यात कुणाचं काहीच झालेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एका बापाने तर उठून तिचा हात हातात घेतला होता. आणि मग महापालिकेत कुणीतरी, जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळं करायचं म्हणून, कुठला हॉल रिकामा आहे, कुठे गाड्या लावायला जागा आहे एवढंच पाहून लिंडन रस्त्यावर बोट ठेवलं असणार. मतदानाची जागा बदलल्याचं कार्ड घरी आलं असेल. फ्रिजवर पिझ्झाच्या कुपनांमागे चुंबकाखाली असेल. तिने ते पाहिलं नव्हतं, कारण कार्ड तिने मागितलंच नव्हतं. तिने फक्त दार बंद करून मागितलं होतं, आणि तिला ते मिळालं होतं.

गाडीत बसून तिने नवऱ्याला फोन लावला. ट्रेव्हर गोदामात होता. मागे माल उचलणाऱ्या गाडीची पिपाणी वाजत होती. "मग मत टपालाने पाठवायचं ना गं," तो म्हणाला. "मी केव्हाच पाठवलं."

"मला जाऊन द्यायला आवडतं."

"मग जा."

"ट्रेव्हर, ते चर्च आहे. ते."

पिपाणी थांबली. त्याला ठाऊक होतं. लग्नाआधी एकदा तिने त्याला सगळं सांगितलं होतं, सरोवराच्या काठी गाडीत बसून, आणि त्याने तेव्हा शहाण्यासारखं काहीही न बोलता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. आज तो बोलला. "बरं, पण हलवायला लावलं कुणी?" तो हसूनच म्हणाला, त्यात खोच नव्हती, माणूस आपल्या बायकोची थट्टा करतो तशी केली, पण मॅरेनने फोन बंद केला आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली. भोंगा वाजला. मागच्या सीटवर नेल खूश होऊन म्हणाली, "अजून."

कुणी लावलं? त्या माणसाने लावलं. मागच्या निवडणुकीला तो माणूस एमेटच्या वर्गाबाहेर उभा होता. एरवी या शाळेत आत शिरायचं म्हणजे बेल दाबायची, कॅमेऱ्यात तोंड दाखवायचं, ओळखपत्र काचेला लावायचं. आईने विसरलेला डबा आणून दिला तरी तो बाहेरच ठेवायचा. आत मुलांना शिकवलेलं असतं की कुणी बंदूक घेऊन शिरलं आणि घंटा तशी वाजली की दिवे मालवायचे, दारापासून लांबच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसायचं आणि उंदरासारखं गप्प राहायचं. एमेट घरी येऊन ते करून दाखवायचा, सोफ्यामागे, आणि त्याला दम्याचा खोकला आला की स्वतःचं तोंड स्वतःच दाबून धरायचा. आणि मतदानाच्या दिवशी त्याच शाळेचं मागचं दार एका घडीच्या खुर्चीने दिवसभर उघडं अडवून ठेवलेलं. कुणीही या. तो माणूस शिकाऱ्यांचं केशरी जाकीट घालून आला होता, मत देऊन झाल्यावर रेंगाळला होता, आणि लहान मुलांसाठी बसवलेल्या बुटक्या नळाशी कमरेत पार वाकून पाणी पीत होता. शेजारून पहिलीची मुलं ओळीने ग्रंथालयात चालली होती. त्याने तोंड पुसलं, एमेटकडे पाहून डोळा मिचकावला, आणि निघून गेला. एवढंच. काही झालं नाही. काही झालं नाही असं सगळेच तिला सांगत होते, मुख्याध्यापिका, ट्रेव्हर, बालरोगतज्ज्ञसुद्धा. आणि जितकं सांगत होते तितकी मॅरेनच्या डोळ्यांसमोर ती वाकलेली केशरी पाठ मोठी होत होती. तिच्या रागाला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी करायला मिळालं होतं. तो राग कागद भरत होता, दारं ठोठावत होता, सभ्य भाषेत पत्रं लिहीत होता. तो राग फार जुना आहे, त्या केशरी जाकिटाच्या कितीतरी आधीचा, हे तिला तेव्हा सुचलं नाही.

आणि मत तर द्यायचंच होतं. आज राज्यकर्ते कोण यापेक्षा तिला मतपत्रिकेच्या पाठीमागचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा होता: शाळांसाठी जादा कर द्यायचा की नाही. मागच्या वेळी तो थोडक्यात पडला होता, आणि त्यानंतर शाळेतली नर्स आठवड्यातले काहीच दिवस यायला लागली. उरलेल्या दिवशी एमेटचा दम्याचा पंप कार्यालयातल्या कुलूपबंद खणात असायचा आणि किल्ली, ज्या बाईंच्या गळ्यात असेल त्या कुठे असतील तिथे. एकदा त्या जेवायला गेल्या होत्या. त्या दिवशी घरी आल्यावर त्याचे ओठ कसे दिसत होते ते मॅरेनला आजही दिसायचं, निळा पेन चघळल्यासारखे. तेव्हा मत द्यायचंच. फक्त तिथे जायचं नाही. ही दोन वाक्यं तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसली होती आणि एकमेकांकडे बघत नव्हती. मग तिला आई आठवली. डार्लीन, तिची आई, एकही मतदान चुकवत नसे. कुत्र्यांवरच्या करासारख्या किरकोळ मतदानालाही ती सकाळी सकाळी जाऊन उभी राहायची. तिचाही वॉर्ड हाच. ती शाळेत जाईल, कागद बघेल, आणि. मॅरेनने फोन लावला. आईचा फोन नेहमीप्रमाणे पर्समध्ये बंद.

आई दोन गल्ल्या पलीकडे, एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहायची. खालचा घरमालक ग्लेन अंगणातली पानं गोळा करत होता. मॅरेनने गाडी बंदही केली नाही, काच खाली केली. "ग्लेन, आई आहे का वर?"

"डार्लीन? ती कधीच गेली. लिपस्टिक लावून. म्हटलं, कुठं निघालीस नटून? तर म्हणते, पार्टीला."

"मतदानाला? शाळेत?"

"शाळेत कुठलं आता, तूच नाही का ते हलवलंस? लिंडनवरच्या चर्चात." तो खराट्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. "मी म्हटलं गाडीने सोडतो. तर म्हणाली, नको, रस्ता पाठ आहे."

रस्ता पाठ होता. मॅरेनलाही होता. स्टिअरिंग आपोआप वळत गेलं. तिच्या लहानपणी त्या रस्त्याने ते तिघं दर रविवारी जायचे, पुढे वडील, मांडीवर स्वतः केलेल्या बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन आई, मागे मॅरेन, आणि गाडीत कुणी बोलायचं नाही, कारण शनिवारी रात्री जे झालेलं असायचं ते अजून गाडीत असायचं. आईच्या हातांवर पूर्ण बाह्या, उन्हाळ्यातसुद्धा. मग एका वसंतात आईने मॅरेनला आणि शिवणयंत्राला मोटारीत घातलं आणि ती मावशीकडे निघून गेली. चर्चचे कारभारी दोनदा घरी आले. त्यांनी सांगितलं की नवऱ्याकडे परत जा. आईने त्यांना कॉफी दिली आणि सांगितलं की नाही जाणार. त्या चर्चची एक रीत होती, आणि ती रीत त्यांना फार अभिमानाची वाटायची: आमच्याकडे पाळक ठरवत नाही, आमच्याकडे सगळे मिळून ठरवतात. वर्षातून दोनदा प्रार्थनेनंतर तळघरातल्या हॉलमध्ये सभा भरायची, कॉफीच्या भांड्याभोवती, आणि प्रत्येक गोष्टीवर हात वर करून मत घ्यायचं. त्या दिवशी आधी छताच्या दुरुस्तीचा विषय झाला. मग आईचा, तिला चर्चमधून काढायचं की नाही. मग नाताळच्या जेवणाला कुणी काय आणायचं. पोरांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पेटीच्या भात्यासारख्या घड्या पडणाऱ्या त्या तपकिरी भिंतीमागे बसवलेलं असायचं, निळ्या फळीवर लोकरीच्या मेंढ्या चिकटवत. भिंत छताच्या रुळावर सरकायची आणि शेवटी भिंतीतल्या आकड्यात अडकायची. पण ती नीट बंद व्हायची नाही, बोटभर फट राहायची. मॅरेनने त्या फटीला डोळा लावला होता. तिला आई पाठमोरी दिसली, उभी. पाळकाने विचारलं, आणि आईने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, मोठ्याने, जसं कुणाला माहीतच नव्हतं. मग हात वर झाले. पहिला हात मिसेस हिल्डेब्रँडचा, ज्या दर शनिवारी मॅरेनला पियानो शिकवायच्या. मग बाकीचे, काही झटकन, काही शेजाऱ्याचा बघून. वडिलांचा हात वर नव्हता. ते भांड्याच्या तोटीखाली कप धरून कॉफी घेत होते. आईच्या उजव्या पायाची टाच बुटातून बाहेर निघाली होती आणि वर खाली, वर खाली होत होती, शिवणयंत्राच्या पायडलवर असल्यासारखी. आईचा चेहरा मॅरेनला दिसला नाही. तिला फक्त ती टाच दिसली, आणि पुढे आयुष्यभर रागाने काही बोलायला गेलं की तिला शब्द सुचण्याआधी ती टाच दिसायची.

चर्चसमोरच्या गवतात अक्षरं सरकवायची पाटी तीच होती. एरवी तिच्यावर पापाविषयी काहीतरी चुरचुरीत असायचं. आज होतं: मतदान इथे. सर्वांचे स्वागत आहे. मॅरेनने ते वाचलं आणि तिला हसू फुटलं, घशातून, खरवडल्यासारखं. सर्वांचे! नेलला उचलून ती बाजूच्या दाराने आत शिरली. पायऱ्यांवर रांग होती. ओल्या लोकरीच्या कोटांचा, फरशीच्या मेणाचा आणि फार वेळ उकळत ठेवलेल्या कॉफीचा वास एकदम अंगावर आला, आणि इतकी वर्षं ज्या शरीराला ती आपलं समजत होती ते शरीर तिला न विचारता लहान झालं. गुडघे, खांदे, सगळं. याचाच तिला सर्वांत जास्त संताप आला. बाकी कशाचाही नंतर. आधी याचा, की तो वास आपल्याला अजून ओळखतो.

"बाई, रांग आहे इथे," एक माणूस म्हणाला.

"माझी आई आहे पुढे."

आई खालच्या पायरीवर होती, निळा कोट, लिपस्टिक, हातात पर्स. तिने वळून पाहिलं. "अगं, आलीस? हिच्या एका पायात बूट का नाही?"

"आई, चल इथून."

"कुठे?"

"महापालिकेत जाऊ. सांगू त्यांना की आम्ही इथे मत देणार नाही."

"मग कुठे देणार? त्यांनी काय माझ्या घरी पेटी पाठवायची?" आईने नेलचा उघडा पाय हातात घेऊन चोळला. "गार पडलाय गं पाय. आणि हळू बोल, लोकांना वाटेल आपण भांडतोय."

"भांडतोच आहोत."

"तू भांडतेयस. मी रांगेत आहे."

पुढचा माणूस हसला आणि मग आपण हसायला नको होतं असं तोंड करून भिंतीकडे बघू लागला. रांग एक पायरी सरकली. मॅरेनने आवाज खाली आणला, पण त्याने तो जास्तच धारदार झाला. "तुला माहीत होतं?"

"कार्ड आलं होतं. मी कार्डं वाचते."

"मग बोलली का नाहीस? मी थांबवलं असतं, आई. मी दुसरीकडे न्यायला लावलं असतं."

"तू इतकी खूश होतीस," आई म्हणाली. "आणि एमेटची शाळा आहे ती. तिथे दार उघडं नको, हे बरोबरच आहे." तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "हा नुसता हॉल आहे, मॅरेन. खाली फरशी, वर दिवे."

हेच. हेच तिला आईचं कधी सहन झालं नव्हतं. ही गिळण्याची कला. कारभाऱ्यांना कॉफी. ज्यांनी हाकललं त्यांच्या दारात लिपस्टिक लावून रांग. मॅरेनला वाटलं, आईचा खांदा धरून गदगदा हलवावा आणि आतून तो जुना आवाज बाहेर सांडावा, शिवी, किंकाळी, काहीही. पण रांग हलली, आणि त्या दोघी हॉलमध्ये आल्या. काहीही बदललं नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. फरशी नवी होती, दिवे पांढरे होते, भिंतीवरच्या येशूच्या चित्रावर कुणीतरी कायदा पाळायचा म्हणून चादर टांगली होती आणि चादरीखालून त्याची पावलं दिसत होती. पण कॉफीच्या भांड्याची जागा तीच. आणि त्या टोकाला ती घडीची भिंत, तपकिरी, बंद, शेवटाशी बोटभर उघडी. टेबलामागे मतदानाचा बिल्ला लावून मिसेस हिल्डेब्रँड बसल्या होत्या. त्या फार म्हाताऱ्या झाल्या होत्या. हे मॅरेनच्या हिशेबात नव्हतं. मनातल्या मनात तिने जिच्याशी इतकी वर्षं भांडण केलं ती बाई धिप्पाड होती, तिच्या मनगटात सोन्याचं घड्याळ होतं. ही चष्म्याची दोरी सावरत बसलेली, कातडीत हाडं सैल झालेली म्हातारी कुठून आली?

"नाव आणि पत्ता. मोठ्याने सांगा हं, कायदा आहे तसा."

आई सरळ उभी राहिली. "डार्लीन मे वेंडॉर्फ." ते माहेरचं नाव होतं. हॉलमध्ये ते नीट ऐकू गेलं.

मिसेस हिल्डेब्रँडनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. "डार्लीन! अगं बाई! किती वर्षांनी! आलीस म्हणायची परत आमच्यात."

"मतदानाला आलेय, व्हर्ना. पत्ता सांगू?"

"सांग, सांग. अगं, तुझ्या त्या बटाट्याच्या सॅलडची आम्ही अजून आठवण काढतो."

"काढणारच," आई म्हणाली. "चांगलं असायचं ते." तिने पत्ता सांगितला, सही केली, कागद घेतला आणि कोपऱ्यातल्या उभ्या कप्प्याकडे गेली.

आता मॅरेन. तिने ओळखपत्र ठेवलं. नेलला खाली उतरवलं, हाताला मुंग्या आल्या होत्या. तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि मग तिच्या तोंडून ते वाक्य निघालं, जे ती आंघोळीत, गाडीत, बाळंतपणाच्या कळांत बोलत आली होती. "मिसेस हिल्डेब्रँड, पहिला हात तुम्ही वर केला होतात."

"कसला हात गं?"

"माझ्या आईला इथून काढलंत तेव्हा. इथेच. मी त्या भिंतीमागे होते. मी बघितलं."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. मॅरेनने त्या डोळ्यांत शोधलं: लाज, निदान चिडचिड, निदान खोटं बोलण्याची तयारी. तिथे काही नव्हतं. एक प्रामाणिक, मदत करू पाहणारी कोरी नजर, रस्ता चुकलेल्याला वाट सांगू पाहणाऱ्या माणसाची. "आमच्या सभा फार व्हायच्या गं," त्या म्हणाल्या, आणि आठवायचा खरोखर प्रयत्न करत कपाळाला बोट लावलं. "छताच्या वेळची का? ते छत मात्र छान झालं हं. अजून एक थेंब गळत नाही."

मॅरेनच्या कानांत काहीतरी बंद झालं. एवढं मोठं झाड तिने आपल्या आत वाढवलं होतं, त्याच्या सावलीत तिने लग्न केलं, मुलं केली, सह्या गोळा केल्या, आणि या बाईने ते लावताना मातीचा हातसुद्धा झटकला नव्हता. एक छत, एक डार्लीन, एक नाताळचं जेवण. हात वर, हात खाली. "तुम्ही," ती म्हणाली, आणि आवाज चढला, "तुम्ही सगळ्यांनी," आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पुढे चला की हो." मुख्य अधिकारी म्हणून बसलेला टक्कल पडलेला माणूस उठून आला. त्याने हात पुढे बांधले. "बाई, इथे वाद नको. नाहीतर मला तुम्हाला बाहेर काढावं लागेल. माझी इच्छा नाही." तो सभ्य होता. त्याला काहीही माहीत नव्हतं. या हॉलमधून पुन्हा एक बाई बाहेर काढायची त्याची इच्छा नव्हती. मॅरेनच्या जिभेवर सगळं तयार होतं, शब्दन् शब्द. आणि त्या शब्दांच्या मागे, कुलूपबंद खणाच्या मागे, एमेटचे निळे ओठ होते. बोलली तर बाहेर. बाहेर तर मत नाही. तिने दात इतके आवळले की कानशिलं दुखली. "कागद द्या," ती म्हणाली. म्हातारीने दिला, आणि वर म्हणाली, "देव तुझं भलं करो, बाळ."

कप्प्यात उभी राहून तिने कागद उलटा केला, शेवटचा प्रश्न शोधला आणि 'हो'समोरचा लंबगोल भरला, असा की पेन पलीकडे टेबलात रुतला. बाकीची मतं तिने कशी दिली ते तिला नंतर आठवलं नाही. शेजारच्या कप्प्यात आई होती, कमरेपर्यंत आडोशात. खालून पाय दिसत होते. मॅरेनने खाली बघितलं. आईच्या उजव्या पायाची टाच बुटातून बाहेर आली होती. वर खाली. वर खाली. वरती मात्र पेन शांतपणे चालल्याचा आवाज येत होता. फरशी, दिवे, नुसता हॉल. मॅरेनला आईवरचा राग धरून ठेवायचा होता, तो सोपा होता. तो तिच्या हातातून निसटला, आणि जो उरला तो भयंकर होता, कारण त्याला आता धरायला कुणीच नव्हतं.

आणि नेल नव्हती.

तिने कागद मतं मोजणाऱ्या मशीनच्या तोंडात कोंबला आणि गर्रकन वळली. दार. रांग. पायऱ्या. अनोळखी कोट, अनोळखी जाकिटं, एवढे पाय. "नेल!" ती ओरडली. कुणीतरी म्हणालं, कोण, छोटी मुलगी? तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर ती वाकलेली केशरी पाठ उभी राहिली. आणि मग, त्या सगळ्या आवाजाच्या मागून, शांत, जरा कौतुकाने, नेलचा आवाज आला:

"आजीचा पाय हलतोय."

मॅरेनने त्या दिशेने पाहिलं. घडीच्या भिंतीच्या बोटभर फटीत, कमरेच्याही खाली, एक डोळा होता. निवांत. कुतूहलाने भरलेला. तो तिच्याकडे बघत नव्हता. आईच्या टाचेकडे बघत होता.

चार ढांगांत ती तिथे पोचली. भिंतीची खालची कड फरशीपासून वीतभर वर होती; नेल तिथूनच सरपटत आत गेली असणार. आकडा पूर्वी तिच्या डोक्याच्या वर असायचा; आज तो तिच्या छातीशी होता, एवढासा, पितळी, कोणत्याही पोराला काढता येईल असा वाटणारा. तिने तो उचकटला, दोन्ही हातांनी कडा धरली आणि ओढली. भिंत आधी हटून बसली, मग छताच्या रुळातून असा कर्कश आवाज काढत सुटली की हॉलमधली सगळी डोकी एकदम वळली. पायऱ्यांवरच्या माणसांनी खाली वाकून पाहिलं. घडीवर घडी बसत गेली. मागे लहान खुर्च्या, खडूचे डबे, निळी फळी, तिच्यावर लोकरीच्या चार मेंढ्या, आणि समोर एका पायात बूट नसलेली नेल.

"अगं, अगं!" मिसेस हिल्डेब्रँड खुर्चीतून अर्धवट उठल्या. "ती बंद ठेवायची असते गं! मुलांची बाजू आहे ती!"

"माहीत आहे," मॅरेन म्हणाली.

ती ओढत राहिली. भिंत पार दुसऱ्या टोकाला गेली तेव्हा तिने ती तिथल्या आकड्याला अडकवली आणि तिला पाठ लावून उभी राहिली. टकला अधिकारी अर्ध्या वाटेत येऊन थांबला. हा वाद आहे की नाही, हे त्याला ठरवता येईना. कोपऱ्यातून आई बाहेर आली, हातात कागद घेऊन. तिने उघडा पडलेला हॉल पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खुर्च्या, फळी, नात, मुलगी. तिचा चेहरा आज समोरून दिसत होता. तिच्या ओठांवरची लिपस्टिक एका कोपऱ्यात थोडी फिसकटली होती. तिने बुटात पाय नीट घातला, टाच आपटून बसवली, आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश चालत जाऊन कागद मशीनमध्ये सोडला.